बारमाही पांदण : काळ्या मातीतल्या ६०० मीटरच्या कामाच्या नोंदी

ठिकाण राळेगाव तालुका, जिल्हा यवतमाळ. डांबरी रस्त्यापासून नाला ओलांडून पलीकडच्या वावरांपर्यंत ६०० मीटरची पांदण, म्हणजे शेतात जायची वाट. या पांदणीवर ७४ एकर जमीन अवलंबून आहे, कापूस, तूर आणि सोयाबीनची. काळी माती दीड मीटरपर्यंत खोल. जून लागला की बंडी (बैलगाडी) बंद, खताच्या थैल्या डोक्यावर, आणि सोयाबीन काढून झालं तरी मळणीयंत्र आत जाईपर्यंत गंजी वावरातच भिजत पडते. भरलेली ट्रॉली बाराही महिने जाईल असा रस्ता करायचा, एवढंच ठरवलं. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्याचं ६०:४० प्रमाण सांभाळावं लागतं. इथे मोठा खर्च मुरमाचा, म्हणून काम लोकवर्गणीतून. ज्यांना असंच काम करायचं आहे त्यांच्यासाठी ही टिपणं.

११ फेब्रुवारी : नकाशा

यंत्र बोलावण्याआधी गाव नकाशा. आपल्या पांदणीची नकाशावर दुहेरी तुटक रेषा आहे, म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. प्रत्यक्षात जागेवर कुठे नऊ फूट, कुठे अकरा. दोन्ही बाजूंचे धुरे (बांध) वर्षानुवर्षे आत सरकलेले. भूमी अभिलेखची मोजणी करून घेतली आणि सर्वांदेखत खुंट्या मारल्या. मोकळी रुंदी मिळाली २० फूट, म्हणजे ६.१ मीटर.

रस्ता नकाशावर असून कोणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नकाशावर रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३, बांधावरून वाट मिळण्यासाठी. इथे दोन्हीची गरज पडली नाही. तरी मोजणीची तारीख मिळण्यात मार्चचा पहिला पंधरवडा गेला. मोजणीचा अर्ज दिवाळीतच टाकावा.

२२ मार्च : उतार

लेव्हल पाण्याच्या नळीने घेतली. १२ मिमीची पारदर्शक नळी, २० मीटरहून थोडी जास्त लांब, दर २० मीटरला खुंटी. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप तीन-चार सेंटिमीटरने चुकतं आणि सपाट जमिनीत तेवढ्याने उताराची दिशाच उलटी दिसते. म्हणून प्रत्येक मापाआधी नळीची दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत आहे का ते बघावं. नळी उन्हात ठेवली की बुडबुडे पुन्हा धरतात. सकाळी दहाच्या आत काम आटोपलेलं बरं.

डांबरी रस्त्यापासून ४३० मीटरवरच्या नाल्यापर्यंत उतार चांगला आहे. अडचण १८० ते २४० मीटरच्या पट्ट्यात. ६० मीटरमध्ये जमीन फक्त ४ सेंटिमीटर उतरते. गेल्या खेपेला या पांदणीवर जो मुरूम पडला होता तो नेमका इथेच गडप झाला. खोदून बघितलं तर मुरूम खाली दीड फुटावर काळ्या मातीत कालवलेला सापडला. वरून कितीही टाका, दोन्ही बाजूंना पाणी उभं राहिलं की ही माती फुगते, लोण्यासारखी होते आणि चाकाखाली मुरूम गिळते.

म्हणून या कामाचा क्रम असा: आधी नाल्या, मग भराव, मग पाइप, शेवटी मुरूम. पांदणीवर पैसा आला की बहुतेक ठिकाणी थेट मुरमाच्या गाड्या लागतात. तो पैसा दोन पावसाळ्यांत जमिनीत जातो.

२ एप्रिल : झुडपं आणि नाल्या

वेडी बाभूळ आणि बेशरम जेसीबीने मुळासकट काढली. नुसती कापली तर पावसाळ्यात नालीत दुपटीने फुटते. मोठी देशी बाभूळ जिथे हद्दीवर आहे तिथे राहू दिली.

नालीचं माप: तळ ३० सेंमी, खोली ४५ सेंमी, दोन्ही काठ १:१ उताराचे, वरची रुंदी १.२ मीटर. जेसीबीचालकाला सरळ उभ्या काठाची नाली खोदायची सवय असते. काळ्या मातीत असा काठ पहिल्याच झडीत ढासळतो आणि नाली बुजते. लाकडी साचा करून दिला, दर १० मीटरला तो नालीत बसवून बघितला. सपाट पट्ट्यात नालीच्या तळाला ३०० ला १ असा उतार दिला. ६० मीटरला २० सेंटिमीटर, म्हणून त्या टोकाला नाली ६० सेंटिमीटर खोल झाली. तिथल्या वावरमालकांना आधी दाखवून घेतलं.

९ एप्रिल : भराव

नालीतून निघालेली माती मध्ये टाकली की ३.६ मीटर रुंदीवर साधारण १७-१८ सेंटिमीटर भराव मिळतो. बाहेरून माती आणावी लागली नाही. पण ही माती ढेकळांची. ढेकळं तशीच ठेवून वरून रोलर फिरवला की वरचा थर गुळगुळीत दिसतो आणि आत पोकळ्या राहतात. पाणी शिरलं की सगळं खाली बसतं.

शेतातला रोटाव्हेटर इथे फार कामाचा. दोन पाळ्या फिरवल्या, ढेकळं फुटून वाटाण्याएवढी झाली. मग टँकरने पाणी, पुन्हा एक पाळी, रात्रभर मुरू दिलं, सकाळी रोलर. ओलावा हाताने बघायचा: मूठ दाबली की गोळा व्हायला हवा, गोळा मोडला की दोन-तीन तुकडे व्हावेत, तळहाताला माती चिकटू नये. चिकटली तर पाणी जास्त झालं; त्या दिवशी रोलर चढवू नये, माती रोलरला गुंडाळून येते. कोरड्या मातीवर रोलर फिरवणं म्हणजे डिझेल वाया. भरावाला सगळं मिळून ७०-७५ हजार लिटर पाणी लागलं.

१५ एप्रिल : अवकाळी

काल संध्याकाळी अवकाळी पाऊस. ज्या भागावर रोलर फिरला होता तिथे वरचा दोन बोटं थर ओला, खाली कोरडं. जिथे नुसता रोटाव्हेटर फिरला होता तिथे १०० मीटरचा चिखल. पाच दिवस थांबावं लागलं. मोकळी केलेली माती त्याच दिवशी दाबून घ्यावी, एका वेळी १०० मीटरच्या वर उकरू नये. शिवाय संध्याकाळी काम थांबवताना मध्यभाग उंच करूनच थांबावं.

२० एप्रिल : सपाट पट्ट्यात चुना

१८० ते २४० मीटरमध्ये भरावाच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये विझवलेला चुना मिसळला, कोरड्या मातीच्या वजनाच्या ४ टक्के. हिशेब: ६० × ३.६ × ०.१५ मीटर म्हणजे ३२.४ घनमीटर, घनमीटरला दीड टन धरून साधारण ४८.६ टन माती, त्यात जेमतेम २ टन चुना. ५० किलोच्या ४० थैल्या. दर दीड मीटरला एक थैली आडवी ठेवली, फाडली, पंजाने सारखी पसरली. मग रोटाव्हेटरच्या तीन पाळ्या, पाणी, आणि ताडपत्रीखाली २४ तास.

दुसऱ्या दिवशी माती हातात घेतली की फरक लगेच कळतो. चिकटपणा जाऊन ती रवाळ होते, बोटांतून सुटते. तेव्हा रोलर. नंतर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून ओली ठेवली. सुकू दिली तर चुना धरत नाही.

चुना घरातला रंगाचा उरलेला किंवा उघड्यावर पडलेला चालत नाही, हवा लागून निकामी झालेला असतो. वारा सुटला की पसरणं बंद. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला दुपट्टा, पायात बूट, हातात रबरी मोजे. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवत राहावं आणि डॉक्टरकडे न्यावं. बैल त्या पट्ट्यावरून नेऊ नयेत.

सगळ्या ६०० मीटरला चुना घालायची गरज नाही. जिथे पाणी बाहेर काढणं खरंच अवघड आहे तेवढ्याच तुकड्याला घालावा.

२७ एप्रिल : नाल्यावर पाइप आणि रपटा

आधी इथे ३०० मिमीचा पाइप होता, पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) आणि तुराट्यांनी पूर्ण बंद. ६०० मिमीच्या खालचा पाइप आत हात-फावडं घालून साफ करता येत नाही, त्यामुळे तो बुजणारच. ६०० मिमीच्या एनपी-३ (सळई घातलेल्या सिमेंट काँक्रीटच्या) पाइपांच्या दोन ओळी टाकल्या, प्रत्येक ओळीत अडीच मीटरचे दोन नग. तळाला १०० ला १ उतार, खाली १५ सेंटिमीटर बारीक गिट्टी आणि चुरी. तळ नाल्याच्या तळाबरोबर. वर राहिला तर मागे डबकं साचतं, खाली गेला तर गाळ भरतो. दोन ओळींमध्ये ३० सेंटिमीटर अंतर ठेवलं, नाहीतर मधली माती धुम्मसाने दाबता येत नाही आणि पाणी तिथूनच वाट काढतं. पाइपावर ६० सेंटिमीटर भराव.

दोन्ही तोंडांना दगडी भिंत सिमेंटात, पाया नाल्याच्या तळाखाली ६० सेंटिमीटर. हा खर्च वाचवायचा मोह होतो. भिंत नसेल तर पाण्याचा भोवरा पाइपाच्या बाजूची माती काढतो आणि एका रात्रीत पाइप उघडा पडतो.

या नाल्याला वरच्या साधारण ३० एकरांचं पाणी येतं. रोजच्या पावसाला दोन पाइप पुरतात, ढगफुटीसारख्या सरीला नाही. म्हणून पाइपाच्या बाजूला १० मीटर लांबीत रस्ता १५ सेंटिमीटर खोलगट ठेवून रपटा केला, दगड बसवून सांधे काँक्रीटने भरले. जास्तीचं पाणी तिथून वरून जाईल, तास-दोन तास रस्ता थांबेल, पण वाहून जाणार नाही.

५ मे : मुरूम निवडणं

परवाना तहसीलमधून, रॉयल्टी ब्रासमागे (१०० घनफुटांमागे) ६०० रुपये. दोन खाणींचा मुरूम बघितला. पहिला दिसायला लालसर, छान. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश मुरूम आणि वर पाणी घालून हलवून ठेवला. तासाभराने वर गढूळ पाण्याचा जाड थर तसाच. त्याच मुरमाची ओली वळी करून बघितली तर काडीएवढी बारीक होईपर्यंत तुटली नाही. म्हणजे चिकणमाती भरपूर. पावसात घसरडा होणार. दुसरा करडा, खड्यांचा. पाणी लवकर निवळलं, वळी जाड असतानाच तुटली. दर ब्रासमागे थोडा जास्त, पण तोच घेतला. तिसरी परीक्षा बुटाची: खडा टाचेखाली रगडला की भुगा व्हायला नको. भुगा झाला तर रोलरखाली त्याची माती होणार.

अगदी मातीविरहित, नुसत्या खड्यांचा मुरूमही नको. तो बांधून राहत नाही, चाकांनी कडेला उडतो.

१० मे : मुरूम टाकणं

गाडीवाल्याने टिपर ३ ब्रासचा सांगितला होता. आतून मोजला: १२ × ७ × ३ फूट, म्हणजे २५२ घनफूट, अडीच ब्रास. १०० घनफुटांचा एक ब्रास, हिशेब इतका सोपा आहे. पहिली गाडी रिकामी होण्याआधी फीत लावावी. बिल अडीचच्या हिशेबाने ठरलं.

दाबून १५ सेंटिमीटर थर हवा तर मोकळा २० सेंटिमीटर टाकावा लागतो. ३ मीटर रुंदीला अडीच ब्रासचा टिपर ११.८ मीटर पुरतो. तेवढ्या अंतरावर चुन्याच्या खुणा मारून ठेवल्या, ढीग खुणेवरच.

सुरुवात डांबरी रस्त्याच्या टोकाकडून. भरलेला टिपर नेहमी आधी पसरलेल्या मुरमावरून पुढे जायला हवा. एक गाडी पलीकडच्या टोकाकडून उघड्या भरावावर घातली गेली, तिथे अर्धा फूट खोल चाकोऱ्या पडल्या. तो भाग पुन्हा रोटाव्हेटर, पाणी, रोलर. अर्धा दिवस आणि रोलरचं भाडं गेलं.

मध्यभाग उंच ठेवण्यासाठी दीड मीटरची फळी केली, एका टोकाला ७.५ सेंटिमीटरचा पाय. पाय रस्त्याच्या कडेला, दुसरं टोक मध्यावर, वर स्पिरिट लेव्हल. बुडबुडा मध्ये आला की ५ टक्के उतार बरोबर. डांबरी रस्त्याला इतका उतार लागत नाही, पण मुरूम वापरात सपाट होत जातो.

रोलर कडेकडून मध्याकडे, आधी पाणी शिंपडून. मध्यापासून सुरुवात केली तर मुरूम बाहेर ढकलला जातो आणि मधला उंचवटा नाहीसा होतो. पाइपांवर कंपन बंद करून फिरवला. सहा ते आठ फेऱ्यांनंतर भरलेली ट्रॉली चालवून बघितली, चाकाची खूण उमटली तिथे अजून दोन फेऱ्या.

२१ मे : वावरात जाण्याच्या वाटा

पांदणी इथेच मरतात. नाली झाली की प्रत्येकाला आपल्या वावरात बंडी न्यायची असते, तो नालीत माती टाकून वाट करतो आणि वरच्या सगळ्यांचं पाणी रस्त्यावर चढतं. लहान पाइप टाकून उपयोग नाही, ते बुजतात. त्यामुळे प्रत्येक वाटेवर नाली ३ मीटर लांबीत पसरट केली आणि तळाला व दोन्ही चढांना वावरातलेच गोटे उभे बसवले, सांधे सिमेंटने भरून. पाणी वरून वाहतं, बंडी आणि ट्रॅक्टर त्यातूनच जातात, साफसफाई काही नाही. तळ नालीच्या तळापेक्षा वर आला की ती वाट बांध होते. प्रत्येक ठिकाणी नळीने तपासलं.

३ जून : हिशेब

जेसीबी २४ तास, तासाला १,२०० प्रमाणे २८,८००. रोटाव्हेटर ५,४००. पाणी १२,०००. रोलर २७,०००. मुरूम १३० ब्रास, रॉयल्टी, खोदाई, वाहतूक धरून ब्रासला १,१५०, एकूण १,४९,५००. पाइप ४ नग १९,२००. दगडी भिंती आणि रपटा २२,०००. चुना १८,०००. वावरांच्या वाटा १४,०००. बेरीज २,९५,९००, म्हणजे मीटरला ४९३ रुपये. मोजणीची फी वेगळी.

वर्गणी एकरी ४,०००. रस्त्याजवळच्या वावरांचं म्हणणं होतं की आम्हाला १०० मीटरच लागतो, आम्ही पूर्ण का द्यावं. पण त्यांच्याच वावरांचं पाणी पुढच्या वावरांच्या बाजूच्या नालीतून नाल्यापर्यंत जातं, ही गोष्ट जागेवर नेऊन दाखवल्यावर सारखा दर मान्य झाला. पैसे काम सुरू होण्याआधी जमा असावेत. भरावावर पाऊस पडल्यानंतर वर्गणी गोळा करत फिरता येत नाही.

२० जून : पहिला पाऊस

नवा मुरूम पहिल्या दोन-तीन पावसांत थोडा मऊ होतो. भरलेल्या ट्रॉल्या पाऊस थांबल्यावर निदान अर्धा दिवस थांबवल्या. लोखंडी धावेच्या बंड्या एकाच चाकोरीतून जातात आणि तिथेच रस्ता कापला जातो. आठवडाभर मध्ये आडवे गोटे ठेवून बंड्यांना वेगवेगळ्या बाजूंनी वळवलं. ट्रॅक्टरमागचा पंजी किंवा नांगर नीट उचललेला नसेल तर एका खेपेत २० मीटर मुरूम उकरला जातो. हे पेरणीच्या घाईत घडतं, म्हणून तोंडाशी दगडावर रंगाने लिहून ठेवलं.

९ जुलै : खड्डे

३१० मीटरवर दोन चाकोऱ्या, तीन बोटं खोल. कोणीतरी विटांचे तुकडे टाकले होते, ते काढले. मोठा तुकडा चाकाखाली खाली-वर होत राहतो आणि खड्डा खोल करतो. खड्ड्याच्या कडा कुदळीने चौकोनी कापल्या, आतला चिखल काढला, ओला मुरूम दोन थरांत धुम्मसाने दाबला. राखीव ठेवलेल्या ६ ब्रासच्या ढिगातून जेमतेम काही घमेलीच मुरूम लागला. कारण शोधलं तर बाजूच्या नालीत बेशरमीची एक फांदी अडकून पाणी चढलं होतं.

२५ जुलै : मोठी झड

रात्रभर पाऊस. पाइप भरून वाहिले, रपट्यावरून घोट्याएवढं पाणी. सकाळी नऊपर्यंत उतरलं. भिंती जागेवर. पलीकडच्या तोंडाशी तळ एक वीत उकरला गेला आहे. तिथे मोठे दगड रचून द्यायला हवे होते, आता रचले. चुन्याचा पट्टा रस्त्यातला सर्वात कडक भाग आहे, भरलेली ट्रॉली गेली तरी खूण नाही.

१७ ऑक्टोबर

परतीचा पाऊस सुरू असतानाच मळणीयंत्र शेवटच्या वावरापर्यंत गेलं. सोयाबीन गंजीवर न ठेवता थेट मळलं. शेवटच्या वावरातल्या मावशी खतासाठी जून-जुलैत मजूर लावत असत, यंदा ट्रॅक्टर थेट धुऱ्यापर्यंत गेला.

१२ एप्रिल : भेगा

काळी माती उन्हाळ्यात आकसते. मुरमाच्या कडेने, नालीला समांतर लांब भेगा पडल्या आहेत, काही ठिकाणी चार बोटं रुंद. बाभळीच्या बाजूला जास्त, झाड मातीतला ओलावा ओढतं. या भेगा तशाच राहिल्या तर पहिलं पाणी त्यातून थेट भरावाखाली शिरतं. मुरमाची चाळलेली बारीक भुकटी भेगेत ओतून सळईने खाली सारली, वर थोडं पाणी. मातीने भेग भरू नये, तीही पुन्हा आकसते.

२८ मे : पावसाळ्याआधीची कामं

रस्त्याचा आकार परत आणण्यासाठी लोखंडी गर्डरचा अडीच मीटरचा तुकडा ट्रॅक्टरला तिरका बांधून दोन्ही बाजूंनी ओढला, कडेला गेलेला मुरूम मध्ये आला. आधी हलकं पाणी मारावं, कोरड्यात नुसती धूळ उडते. नाल्यांतला गाळ काढून रस्त्यावर न टाकता वावरात टाकला. प्रत्येक वावरमालकाकडे त्याच्या समोरची नाली आहे. एक तुकडा साफ झाला नव्हता, तो सर्वात खालचा निघाला, म्हणजे बाकी सगळ्यांचं पाणी तिथेच अडलं असतं. साफसफाई खालच्या टोकाकडून सुरू करावी.

ढिगात साडेतीन ब्रास उरला आहे. मृगाआधी अडीच ब्रासचा एक टिपर आणून ढीग पुन्हा ६ करायचा, आणि ३१० मीटरवर रोलर मिळाला तर ५ सेंटिमीटरचा जादा थर द्यायचा.